खारुताई विंडोज ९५ वर: डेस्कटॉप पेट बनवतानाच्या नोंदी

९ मार्च

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो. जुन्या ४८६ वर (इंटेलचा नव्वदच्या दशकातला प्रोसेसर असलेलं मशीन), विंडोज ९५ मध्ये, स्क्रीनभर हुंदडणारी एक खार करायची. विंडोच्या काठावरून पळेल, टास्कबारवर उतरेल, कंटाळली की शेपूट अंगावर ओढून झोपेल. नाव खारुताई, खारीला दुसरं नाव सुचतच नाही.

ज्यांनी हे डेस्कटॉप पेट कधी बघितलेच नाहीत त्यांच्यासाठी एवढंच, की १९८९ मध्ये केंजी गोतोह यांनी मॅकिंटॉशसाठी नेको केलं, माउसच्या मागे धावणारी आणि माउस थांबला की जांभई देऊन झोपणारी ३२ बाय ३२ पिक्सेलची काळीपांढरी मांजर, मग ती एक्स विंडोवर (युनिक्सचा ग्राफिकल पडदा) ओनेको म्हणून गेली आणि तिथून सगळीकडे. १९९५ मध्ये जपानमधूनच मेंढी आली, तिला आज लोक ईशीप म्हणतात, ती उघड्या विंडोच्या वरच्या काठावरून चालायची आणि काठ संपला की खाली पडायची. नेकोला फक्त माउस दिसायचा, मेंढीला तुमच्या विंडो दिसायच्या. मला मेंढीच्या जातीचं हवंय.

जुनी मेंढी १६ बिट प्रोग्रॅम आहे, आजच्या ६४ बिट विंडोजवर ती थेट चालतच नाही, एम्युलेशनचा, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, थर मध्ये घालावा लागतो. पण मला आजच्या मशीनवर जुना प्राणी नकोय, जुन्या मशीनवर नवा प्राणी हवाय.

नियम ठरवलेत. एका फ्लॉपीवर मावून भरपूर जागा उरली पाहिजे. इन्स्टॉलर नाही, रजिस्ट्रीला हात नाही, नेटवर्क नाही, आवाज नाही. फाइल डिलीट केली की खार गेली, मागे काही राहत नाही. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण या सगळ्या जमातीचं नाव बोन्झीबडीने खराब केलं, तो स्क्रीनवर बोलणारा जांभळा गोरिला, त्याच्या कंपनीला मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल २००४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत ७५ हजार डॉलर भरावे लागले. तेव्हापासून स्क्रीनवर काही हललं की लोकांना आधी शंका येते आणि ती रास्तच आहे.

१२ मार्च

मशीन: ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, १६ एमबी रॅम, ६४० बाय ४८० वर २५६ रंग.

कीबोर्ड चालेना. या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर सोल्डर केलेली गोल निकेल-कॅडमियम बॅटरी असते, ती वर्षानुवर्षं पडून राहिली की पाझरते, आणि ती बसवलेली असते नेमकी कीबोर्डच्या सॉकेटजवळ. बॅटरी काढली, हिरवट थर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला (पाझरलेलं द्रव्य अल्कधर्मी असतं, म्हणून सौम्य आम्ल), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं आणि पूर्ण वाळू दिलं. तरी कीबोर्ड मेलेलाच. मल्टिमीटर लावून एकेक ट्रॅक तपासला तेव्हा एक ट्रॅक थराखाली खाऊन गेलेला सापडला, दोन टोकांना बारीक वायर जोडली आणि चालू झालं. तुमच्याकडे असं बोर्ड कपाटात असेल तर ते चालू करायच्या आधी, आजच, ती बॅटरी काढा. नंतरची दुरुस्ती दहापट वेळ खाते.

हार्ड डिस्क खरखरत होती, तिच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड टाकलं. मोठं कार्ड बायोसला (बोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) कळत नाही, १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर ही त्याची मर्यादा, म्हणजे ५०४ एमबी. ५१२ एमबी लिहिलेलं कार्ड प्रत्यक्षात त्याच्या आत बसलं. मोठ्या कार्डाला मनवण्यात बराच वेळ घालवण्यापेक्षा छोटंच घ्या, विंडोज ९५ ला एवढी जागा पुरून उरते.

१६ मार्च

कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारं साधन. आजच्या कंपायलरने बनवलेली एक्झी (प्रोग्रॅमची फाइल) विंडोज ९५ उघडायलाच नकार देतं, कारण फाइलच्या हेडरमध्ये 'निदान अमुक व्हर्जनचं विंडोज हवं' असा आकडा असतो आणि तो ४.० च्या वर असला की संपलं. आकडा हाताने बदलून बघितला, तर पुढे रनटाइम लायब्ररी अशी फंक्शन्स मागते जी ९५ मध्ये नाहीतच. तो रस्ता सोडला.

ओपन वॉटकॉम १.९ घेतला. ९५ साठी सरळ एक्झी देतो आणि रनटाइम आतच जोडतो, वेगळी डीएलएल लागत नाही. आजच्या मशीनवर कंपाइल करायचं, फ्लॉपीवर टाकायचं, तिकडे चालवून बघायचं. फ्लॉपीची ये-जा कंटाळवाणी आहे म्हणून रोजच्या चाचणीसाठी एम्युलेटरही लावलाय, पण वेग आणि लुकलुक यांचा निकाल खऱ्या मशीनवरच लावायचा असं ठरवलंय.

एक खड्डा आहे, इथे बरेच जण पडतील. विंडो बनवायचं फंक्शन युनिकोड रूपात वापरलं तर ९५ वर ते नुसतं शून्य परत देतं. एरर बॉक्स नाही, क्रॅश नाही, प्रोग्रॅम चालू होतो आणि गुपचूप बंद होतो. ९५ मध्ये त्यातली बहुतेक फंक्शन्स फक्त नावाला आहेत. सगळीकडे 'ए' वाली रूपं वापरा, म्हणजे साधी अँसी.

२१ मार्च

चित्रं. ३२ बाय ३२, नेकोएवढीच. मोठी खार काढायचा मोह होतो पण ६४० बाय ४८० वर ३२ पिक्सेल म्हणजे आयकॉनएवढी, ती आयकॉनच्या शेजारी बसली की त्याच जगातली वाटते. ४८ ची काढून बघितली, ती बाहेरून आणून ठेवल्यासारखी दिसली.

रंगांचं गणित वेगळंच आहे. २५६ रंगांच्या मोडमध्ये विंडोज २० रंग स्वतःसाठी पक्के ठेवतं, बाकीचे प्रोग्रॅम आपसात बदलतात. तुम्ही स्वतःचं पॅलेट, म्हणजे स्वतःचा रंगांचा संच, मागितलं की खार समोर येताक्षणी मागच्या फोटोचे रंग बिघडतात. त्यामुळे पक्क्या रंगांतच राहायचं, आणि १६ रंगांच्या मोडवरही चालायला हवं असेल तर जुन्या व्हीजीएच्या सोळांतच. आता त्या सोळांत तपकिरी नाही! गडद लाल आहे, शेवाळी पिवळा आहे, दोन करडे आहेत. गडद लाल आणि पिवळ्याचे एकाआड एक ठिपके टाकून तपकिरी काढायचा प्रयत्न केला, एवढ्या लहान चित्रात अंगावर पुरळ उठल्यासारखं दिसलं. शेवटी करडी खार केली: अंग गडद करडं, पोट पांढरं, पाठीवर फिक्या करड्याचे पट्टे, आणि सगळ्या बाजूंनी एक पिक्सेलची काळी रेघ. ती काळी रेघ सोडू नका, वॉलपेपर कुठलाही असला तरी प्राणी त्यावर उठून दिसतो तो तिच्यामुळे.

डोळा एकच काळा पिक्सेल, त्याच्या वर डावीकडे एक पांढरा. तो पांढरा पिक्सेल काढला की खार भुसा भरलेली दिसते, ठेवला की तुमच्याकडे बघते. शेपूट अंगाच्या एक फ्रेम मागे ठेवलंय: अंग पुढे गेलं तरी शेपटाचं टोक आधीच्या फ्रेमच्या जागी, थांबली की अंग थांबतं आणि शेपूट पुढच्या फ्रेमला येऊन टेकतं. बाकी काही न करता एवढ्याने जीव आला.

एक फ्रेम ५१२ बाइट, तिचा मास्क (कुठला पिक्सेल खारीचा आणि कुठला मोकळा ते सांगणारा साचा) १२८, म्हणजे ६४०. २८ फ्रेम मिळून १८ केबीच्या आत. डावीकडे तोंड असलेली चित्रं साठवत नाही, सुरुवातीला एकदाच उलटी करून मेमरीत ठेवतो. दर फ्रेमला उलटवायचं ४८६ ला जड जातं.

२८ मार्च

पारदर्शकता. इथे सगळ्यात जास्त वेळ गेलाय.

आधी विंडोज ३.१ च्या काळातली पद्धत केली: खारीच्या जागेमागचं स्क्रीनचं चित्र उचलून ठेवायचं, मास्क 'अँड' करून तिथे काळं भोक पाडायचं, त्यात चित्र 'ऑर' करून बसवायचं, पुढे सरकताना उचललेला तुकडा परत चिकटवायचा. रिकाम्या डेस्कटॉपवर अतिशय सुंदर चालतं. मग नोटपॅड उघडून टाइप करायला लागलो आणि खार अक्षरांवरून गेली की मागे जुना तुकडा चिकटवते, म्हणजे मी मधल्या वेळात टाइप केलेली अक्षरं गायब, त्या जागी कोरा चौकोन. घड्याळाच्या सेकंदकाट्यावर बसली तर जुना काटा चिकटवून जाते. खाली कोणी काही नवं काढलंय हे तिला कळायला मार्गच नाही. ही पद्धत दुरुस्त करत बसू नका, ९५ वर दुसरा उपाय आहे.

तो म्हणजे विंडोला आकार देणं. ९५ पासून कुठल्याही विंडोला रीजन, म्हणजे हवी तशी बाह्यरेषा, लावता येतो, विंडो तेवढ्याच आकाराची दिसते, आणि आकाराबाहेर केलेलं क्लिक सरळ मागच्या विंडोला जातं. म्हणजे खारीच्या कानाशेजारच्या मोकळ्या जागेतून मागचं बटण दाबता येतं. (अर्धपारदर्शक लेयर्ड विंडो विंडोज २००० मध्ये आल्या, त्या इथे नाहीत.)

मास्कच्या प्रत्येक ओळीतल्या सलग पट्ट्या चौकोन म्हणून घ्यायच्या आणि त्यांचा रीजन करायचा. एकेक चौकोन जोडत नेलं तर ४८६ वर डोळ्यांना दिसण्याइतकं हळू होतं, सगळे चौकोन एका ठोकळ्यात भरून एकदम रीजन बनवणारं फंक्शन आहे ते वापरा. ठोकळे सुरुवातीला एकदाच तयार करून ठेवले.

२ एप्रिल

रीजन लावला की खार सुरेख दिसते, पण वर्डपॅड तिच्यामागे असेल तर टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. कारण शोधायला वेळ लागला. दर फ्रेमला आकार बदलला की आधी झाकलेले काही पिक्सेल उघडे पडतात, आणि तेवढ्यासाठी विंडोज मागच्या प्रोग्रॅमला 'पुन्हा रंगव' सांगतं. सेकंदाला वीस वेळा आकार बदलत होतो, म्हणजे वर्डपॅड बिचारं सेकंदाला वीस वेळा स्वतःचा कोपरा रंगवत होतं. रंगवू नको म्हणून सांगायची सोय आहे, ती लावली तर मागे शेपटांची रांग उरते.

उपाय निम्मा कोडमध्ये आणि निम्मा चित्रांत निघाला. कोडमध्ये: सेकंदाला आठच फ्रेम, म्हणजे १२५ मिलिसेकंदाला एक, ओनेकोचाही ठरलेला वेग तोच आहे आणि आता कळतंय का ते. चित्रांत: बसलेल्या खारीच्या सगळ्या हालचाली, डोळे मिटणं, पुढच्या पायांत धरून काहीतरी कुरतडणं, एकाच बाह्यरेषेच्या आत बसवल्या. बाह्यरेषा तीच म्हणजे रीजन बदलायची गरज नाही, आतलं चित्र फक्त बदलायचं, मागच्याला त्रास शून्य. त्यासाठी बसलेल्या सगळ्या फ्रेम पुन्हा काढल्या. पळण्याला मात्र वेगळ्या बाह्यरेषा लागतातच, पण खार दिवसातला बहुतेक वेळ बसलेली असते, त्यामुळे चाललं.

३ एप्रिल

रात्रभर चालू ठेवली. सकाळी मेनूचे चौकोन काळे, आयकॉन गायब. रिसोर्स मीटर लावून बघितलं तर जीडीआयचा (विंडोजच्या चित्र काढणाऱ्या भागाचा) टक्का बसल्या बसल्या घसरतोय. ९५ मध्ये पेन, ब्रश असल्या चीजवस्तूंचा मोठा भाग सगळ्या प्रोग्रॅमना मिळून ६४ केबीच्या एका साठ्यात असतो, तुम्ही गळती केलीत की शेजाऱ्यांचं पण संपतं.

गळती इथे होती: बिटमॅप (चित्र) मेमरी डीसीत, म्हणजे मेमरीतल्या चित्रफलकावर, निवडलेला असताना तो डिलीट करायला गेलं की डिलीट होतच नाही, आणि फंक्शनचं उत्तर कोणी तपासत नाही. आधी जुना बिटमॅप परत निवडायचा, मग डिलीट.

रीजनचं बरोबर उलटं आहे. विंडोला लावलेला रीजन विंडोजच्या मालकीचा होतो, तो तुम्ही डिलीट करायचा नाही आणि दुसऱ्यांदा वापरायचाही नाही. दर वेळी नवा बनवून द्यायचा. दोन्ही गोष्टी कोडमध्ये शेजारी शेजारी येतात म्हणून लोक गोंधळतात. आता रिसोर्स मीटर दिवसभर एका जागी आहे.

९ एप्रिल

चाल.

पहिली आवृत्ती तत्त्वाने बरोबर होती: मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि तेवढं अंतर सरकवायचं. ९५ चा साधा टायमर सुमारे ५५ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतो, १२५ मागितले तरी कधी कमी कधी जास्त मिळतात, म्हणून वेळ मोजणं शहाणपणाचं वाटतं. पण दिसायला भयंकर. खार कधी ७ पिक्सेल सरकते, कधी ११, आणि पाय मात्र ठरलेल्या फ्रेमप्रमाणे हलतात, त्यामुळे पाय जमिनीवर घसरतात. बर्फावरून ढकलल्यासारखी.

मग वेळेचा नाद सोडला. एक फ्रेम म्हणजे ८ पिक्सेल, कायम. जमिनीला टेकलेला पाय पुढच्या फ्रेममध्ये चित्राच्या आत बरोबर ८ पिक्सेल मागे काढलाय, म्हणजे अंग ८ पुढे गेलं तरी तो पाय स्क्रीनवर त्याच जागी राहतो. टायमर उशिरा आला तर खार क्षणभर थबकते, आणि खऱ्या खारीही तशाच थबकत थबकत पळतात, त्यामुळे ते उलट चांगलंच दिसतं. जुने प्राणी इतके ठाम पावलांनी का चालायचे हे मला इथे समजलं. गुळगुळीत हालचाल इथे नकोच, पाय घट्ट टेकले पाहिजेत.

काही १६ बिट प्रोग्रॅम असे आहेत की ते कामात गुंतले की सगळ्यांनाच अडवून धरतात, तेव्हा खारही गोठते. त्यावर इलाज नाही. सुदैवाने टायमरचे संदेश साठत नाहीत, सुटका झाली की ती एकदम दहा उड्या मारत नाही, होती तिथून पुढे चालते.

१८ एप्रिल

जमीन! माझ्यासाठी हेच सगळ्यात आवडतं काम.

उघड्या विंडोंची यादी मागायची, ती वरपासून खालपर्यंत क्रमाने मिळते. न दिसणाऱ्या वगळायच्या, मिनिमाइझ केलेल्या वगळायच्या, स्वतःची वगळायची, डेस्कटॉपची स्वतःची विंडो वगळायची. टास्कबार म्हणजे पक्की जमीन. उरलेल्या प्रत्येक विंडोचा वरचा काठ म्हणजे फांदी.

चालवली आणि खार एका विंडोच्या मधोमध, मजकुरावरून, हवेत चालायला लागली. मागे एक विंडो होती, तिचा वरचा काठ पुढच्या विंडोखाली झाकलेला, खारीला तो काठ माहीत आहे पण तुम्हाला दिसत नाही. म्हणजे नुसता काठ चालत नाही, काठाचा दिसणारा तुकडा हवा. यादी वरपासून येते हे इथे कामाला आलं: प्रत्येक काठातून त्याच्या वर असलेल्या सगळ्या विंडोंची रुंदी वजा करत जायचं, त्या काठाच्या उंचीला ज्या आड येतात तेवढ्याच. उरलेले तुकडे ठेवायचे, ३२ पिक्सेलपेक्षा लहान तुकडे टाकून द्यायचे, तिथे ती मावत नाही.

हे दर फ्रेमला केलं तर ४८६ दमतं. अर्ध्या सेकंदाला एकदा पूर्ण यादी, आणि दर फ्रेमला फक्त ज्या विंडोवर ती उभी आहे तेवढीच तपासायची: आहे का, कुठे आहे. विंडो बंद झाली की खार पाय पसरून खाली पडते. पडतानाचा वेग दर फ्रेमला ४ पिक्सेलने वाढवतो, ३२ वर थांबवतो. न थांबवता सोडली तर पातळ तुकड्यांच्या पलीकडे निघून जाते, कारण एका फ्रेमला वर आणि पुढच्याला खाली, मध्ये काठ लागलाच नाही. ३२ वर थांबवून शिवाय आधीच्या आणि आत्ताच्या उंचीच्या मध्ये कुठला काठ येतो का हे बघायचं.

मॅक्सिमाइझ केलेल्या विंडोचा वरचा काठ स्क्रीनच्याही काही पिक्सेल वर असतो, ती चौकट बाहेर ढकललेली असते. खार चढली आणि दिसेनाशी झाली, बराच वेळ वाटत होतं प्रोग्रॅम बंद पडला. स्क्रीनच्या वरून ३२ पिक्सेलच्या आत असलेला काठ जमीन मानायचा नाही एवढी एक ओळ घातली.

चढायचं कसं? विंडोच्या बाजूच्या कडेवरून. त्याला उभ्या खारीच्या चार वेगळ्या फ्रेम लागल्या, आडव्या फिरवून चालत नाही, चढताना पाय पसरलेले असतात आणि शेपूट खाली लोंबतं. झाकलेल्या भागाचं गणित तेच, फक्त उभं. वर पोचली की काठावर वळताना एक फ्रेम नुसती डोकं वर काढून बघण्याची ठेवलीय.

२० एप्रिल

विंडो माउसने ओढली तर खार तिच्यासोबत गेली पाहिजे. पण साध्या विंडोज ९५ मध्ये ओढताना फक्त चौकट हलते, विंडो सोडल्यावर एकदम नव्या जागी येते (आतल्या मजकुरासकट ओढण्याची सोय प्लस पॅकमध्ये होती). त्यामुळे खार एका फ्रेममध्ये अर्धा स्क्रीन ओलांडून तिच्याबरोबर उडी मारायची, आणि ते जादूसारखं दिसायचं, प्राण्यासारखं नाही. आता असं केलंय: काठ २४ पिक्सेलपर्यंत सरकला तर पाय घट्ट धरून सोबत जाते, त्याहून जास्त सरकला तर पायाखालून फांदी गेली, खाली पडते. ज्यांच्याकडे प्लस पॅक आहे ते हळू ओढून तिला फिरवू शकतात, झटका दिला की पडते. हा नियम कुठेही समजावून सांगावा लागत नाही, समोरचा बसल्या बसल्या शिकतो.

२७ एप्रिल

माउस आणि टायपिंग.

माउसच्या दिशेने बघायला आठ दिशा लागतात. ओनेको ०.३८२७ आणि ०.९२३९ हे दोन आकडे वापरतं, २२.५ आणि ६७.५ अंशांचे साइन, त्यांच्याशी तुलना करून मांजर कुठे वळायची ते ठरतं. माझ्या मशीनमध्ये दशांश गणिताचा वेगळा भाग आहे, पण ४८६ एसएक्समध्ये तो नसतो, आणि दशांश टाळता येत असतील तर टाळावे. २२.५ अंशांचा टॅन ०.४१४२, आणि ५ भागिले १२ म्हणजे ०.४१६७, एवढा फरक कोणाला दिसत नाही. उभं अंतर गुणिले १२ हे आडवं अंतर गुणिले ५ पेक्षा कमी असेल तर सरळ बाजूला, उलटं असेल तर सरळ वर-खाली, नाहीतर तिरकं. सगळं पूर्णांकात.

पण नेकोसारखं सतत मागे धावणं मी ठेवलं नाही. काम करताना तो प्राणी नेमका लिहीत असलेल्या ओळीवर येऊन बसतो, आणि माणूस कंटाळून त्याला बंद करतो. खारुताई लिहिताना आड यायला नको. टायपिंग चालू आहे का हे ओळखायला सगळ्या सिस्टीमचा कीबोर्ड हुक (प्रत्येक दाबलेली की आधी आपल्याकडे आणणारा आकडा) लावता येतो, तो मी मुद्दाम लावला नाही. दाबलेली प्रत्येक की ज्यातून जाते असा प्रोग्रॅम मला माझ्या मशीनवर चालला नसता, तर मी तो दुसऱ्याला का द्यावा.

त्याऐवजी सोपा नियम: जी विंडो आत्ता पुढे आहे तिच्या आतल्या भागात खारीने जायचंच नाही. तिच्या काठावर बसावं, बाजूने चढावं, आत नाही. पडताना वाटेत आली तर थेट तिच्या वरच्या काठावर उतरावं. कोण काय टाइप करतंय हे माहीत न करता काम झालं.

फोकसचं एक लक्षात ठेवा. विंडो सरकवताना 'ॲक्टिव्हेट करू नको' हा फ्लॅग दिला नाही तर प्रत्येक पावलाला कीबोर्ड खारीकडे जातो आणि तुमच्या वाक्यातली अक्षरं हवेत जातात. तिच्यावर क्लिक केलं तरी फोकस जाऊ नये यासाठी माउस-ॲक्टिव्हेटच्या संदेशाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. टूल विंडो केली की टास्कबारवर तिचं बटणही दिसत नाही.

४ मे

स्वभाव.

बसणं, पळणं, चढणं, कुरतडणं, झोपणं यातलं एक यादृच्छिक निवडायचं अशी सुरुवात होती. खार वेडी वाटली. सगळ्याला सारखी संधी दिली की दर दोन सेकंदाला काहीतरी नवं चालू होतं आणि बघणाऱ्याचं डोकं दुखतं. आता प्रत्येक गोष्टीला निदान किती वेळ आणि त्यानंतर काय काय होऊ शकतं असं कोष्टक आहे. कुरतडल्यानंतर बहुतेक वेळा बसणं, बसल्यानंतर बहुतेक वेळा अजून बसणं, पळणं नेहमी थोडकं आणि अचानक. माउस बराच वेळ हलला नाही की झोप, आणि झोपेतून उठताना आधी डोकं, मग शेपूट.

कोष्टक साध्या आयएनआय फाइलमध्ये ठेवलंय, नोटपॅडमध्ये उघडून आकडे बदलता येतात. मेंढीच्या आजच्या एका नव्या अवताराने ॲनिमेशन एक्सएमएलमध्ये ठेवलीयेत आणि आजच्या मशीनवर ते उत्तम आहे, पण ४८६ वर एवढ्यासाठी एक्सएमएल वाचणारा कोड नको वाटला. ज्याला खारीऐवजी कासव करायचंय त्याने चित्रं बदलावीत, पळण्याची संधी शून्य करावी आणि बसण्याचा वेळ वाढवावा, कंपायलर लागणार नाही.

१२ मे

एक्झी साठ केबीच्या आसपास झाली. सिस्टीम मॉनिटरमध्ये बसलेली असताना प्रोसेसरचा आलेख तळाशी, पळताना लहानसा टेंगूळ.

एक दुरुस्ती आधीच करून ठेवली. सिस्टीमचा मिलिसेकंदांचा आकडा ३२ बिटचा आहे, ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. 'आत्ताची वेळ उठायच्या वेळेपेक्षा मोठी आहे का' असं विचारलंत तर त्या क्षणी झोपलेली खार परत उठत नाही. 'झोपल्यापासून किती वेळ गेला' अशी अनसाइन्ड वजाबाकी करा, ती बरोबर निघते.

तीच फाइल नव्या मशीनवर, विंडोज १० वर टाकून बघितली. चालली! पण दोन गोष्टी खटकल्या. एक, खार डेस्कटॉपच्या मधोमध काहीच नसताना हवेत बसते. तिथे काही ॲपच्या विंडो मागे झाकून ठेवलेल्या असतात, सिस्टीम त्यांना 'दिसतेय' म्हणते पण त्या पडद्यावर नसतात, क्लोक केलेल्या असतात, ते वेगळं विचारावं लागतं. दोन, विंडोच्या बाजूने चढताना कडेपासून काही पिक्सेल लांब, हवेला धरून चढते, कारण विंडोज १० मध्ये डावी, उजवी आणि खालची ओढायची चौकट अदृश्य असते आणि मोजमापात ती धरली जाते. वरच्या काठाला ती अडचण नाही, तिथे पाय बरोबर टेकतात. दोन्हीसाठी लागणारी फंक्शन्स ९५ मध्ये नाहीत, त्यामुळे ती थेट जोडायची नाहीत, चालू झाल्यावर डीएलएलमध्ये आहेत का ते बघून मगच वापरायची, नाहीतर ४८६ वर फाइल उघडणारच नाही.

विंडोज ३.१ ची आवृत्ती करणार नाही. तिथे विंडोला आकार देता येत नाही, परत तुकडे उचलून चिकटवण्यावर यावं लागेल आणि ती लिहिलेली अक्षरं पुसत फिरेल. जमिनीचा कोड मात्र थोडे बदल करून (टास्कबार तिथे नाही) तिथेही चालेल, कोणाला करायची असेल तर तो घ्या.

राहिलेलं: दोन मॉनिटर असतील तर डावीकडच्याचे आकडे उणे येतात (ही सोय विंडोज ९८ पासून आहे), तिथे खार शून्यावर आपटून परत फिरते. आणि उतरताना डोकं खाली करून उतरण्याच्या फ्रेम अजून काढायच्यात, सध्या ती चढण्याच्याच फ्रेम उलट्या क्रमाने वापरते आणि शेपूट चुकीच्या बाजूला लोंबतं.